खोडलेलं सर्वनाम

मद्रासच्या गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालयातून ए. ललिता यांना पदवीचं जे प्रमाणपत्र मिळालं, त्यावरचा मजकूर आधीच छापलेला होता. उमेदवार पुरुषच असणार, हे गृहीत धरून तो छापला होता. मग कुणीतरी शाईने पुल्लिंगी सर्वनाम खोडलं आणि त्या जागी हाताने स्त्रीलिंगी सर्वनाम लिहिलं. भारतातल्या पहिल्या महिला इंजिनिअरची नोंद अशी झाली.

स्त्रिया आणि यंत्रविद्या यांचं नातं आपल्याकडे गेल्या ऐंशी वर्षांत बरंचसं याच रीतीने घडत आलं आहे, म्हणून मला तो कागद पुन्हा पुन्हा आठवतो. एखादी बाई दारात उभी राहते, तिच्यापुरती दुरुस्ती होते, तिचं कौतुकही होतं, आणि पुढचे कागद मात्र जुन्याच ठशाने छापले जातात.

ललितांचा जन्म १९१९चा, तेलुगू कुटुंबातला. पंधराव्या वर्षी लग्न झालं. अठराव्या वर्षी नवरा गेला, तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. त्या काळात विधवेच्या वाट्याला काय येत असे, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ललितांचे वडील पप्पू सुब्बाराव हे गिंडीतच विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. मुलीने शिकायचं ठरवलं तेव्हा वैद्यकीचा विचार झाला आणि तो मागे पडला. डॉक्टरला अपरात्री उठून जावं लागतं आणि घरी तान्हं मूल होतं. ठरावीक वेळेत संपेल असं काम हवं, म्हणून ललितांनी इंजिनिअरिंग निवडलं. निवडीमागचं हे कारण लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा येणार आहे.

प्रवेशासाठी प्राचार्य के. सी. चाको यांची संमती आणि सार्वजनिक शिक्षण संचालक आर. एम. स्टॅथम यांची परवानगी लागली. १९४० साली ललिता वर्गात बसू लागल्या. शेकडो मुलांच्या महाविद्यालयात त्या एकट्या पडू नयेत, म्हणून आणखी मुलींना प्रवेश खुला करण्यात आला आणि पी. के. त्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघी सिव्हिलला आल्या. महायुद्धामुळे अभ्यासक्रम काही महिने आधीच आटोपला. पुढे ललितांनी जमालपूरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये वर्षभर प्रत्यक्ष काम शिकून घेतलं, सिमल्याला सरकारी नोकरी केली आणि मग कलकत्त्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीज या कंपनीत वीजवाहिन्या, उपकेंद्रांची आखणी आणि संरक्षक यंत्रणा या विषयांत जवळजवळ तीस वर्षं काम केलं. भाक्रा-नानगल प्रकल्पाच्या वीजवाहिन्यांसाठीही त्या राबल्या. त्रेसिया १९७१ साली केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या. देशात त्या पदावर पोचलेली ती पहिली स्त्री.

आता महाराष्ट्रात येऊ. शकुंतला भगत १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. अनेक ठिकाणी त्यांना देशातली पहिली महिला सिव्हिल इंजिनिअर म्हटलं जातं. गिंडीच्या दोघी त्यांच्या दहा वर्षं आधीच्या, त्यामुळे तो मान त्यांना देता येत नाही. पण त्यांचं काम त्या बिरुदाहून मोठं आहे. पती अनिरुद्ध यांच्याबरोबर १९७० साली त्यांनी क्वाड्रिकॉन ही पूल बांधणारी कंपनी काढली. पोलादी पुलाचे सुटे भाग आधी कारखान्यात तयार करायचे, ते डोंगरातल्या वाटांनी वाहून न्यायचे आणि जागेवर एकमेकांत बसवून पूल उभा करायचा, अशी त्यांची पद्धत होती. भाग जोडण्यासाठी युनिशिअर नावाचा खास सांधा त्यांनी तयार केला. १९७२मध्ये हिमाचलातल्या स्पितीसारख्या दुर्गम भागात या पद्धतीचे पूल उभे राहिले आणि नंतर काश्मीरपासून अरुणाचलपर्यंत पसरले.

शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे पूलबांधणीतलं देशातलं मोठं नाव. म्हणजे ललितांचे वडील विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक आणि शकुंतलाबाईंचे वडील पूल बांधणारे. या दोघींच्या कर्तृत्वाला यामुळे तसूभरही कमीपणा येत नाही. पण त्या काळी मुलीला या क्षेत्रात शिरायचं तर घरातच कुणीतरी त्या दाराची किल्ली सांभाळणारं असावं लागे, एवढं त्यावरून दिसतं. ज्या मुलीचा बाप शेतकरी किंवा गिरणी कामगार, तिच्यासाठी कोण चाकोंना जाऊन भेटणार होतं? बापाची जागा एखाद्या संस्थेने, कायद्याने, वसतिगृहाने घेतली तरच तिचा नंबर लागणार.

सुधा मूर्तींची गोष्ट मराठी घरांत तोंडपाठ आहे. १९७४ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकणाऱ्या सुधा कुलकर्णींनी सूचनाफलकावर टाटांच्या टेल्को कंपनीची जाहिरात पाहिली. महिलांनी अर्ज करू नयेत, असं तिच्यात स्पष्ट लिहिलेलं होतं. त्यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड टाकलं, तारेने मुलाखतीचं बोलावणं आलं, पुण्यात मुलाखत झाली आणि टेल्कोच्या शॉप फ्लोअरवर पहिली महिला इंजिनिअर रुजू झाली. गोष्ट धैर्याची आहे आणि मुलींना ती जरूर सांगावी. मला मात्र तिच्यातला आधीचा भाग जास्त बोलका वाटतो. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात त्यांना प्रवेश मिळाला तो तीन अटींवर: साडीच नेसायची, कँटीनला जायचं नाही, मुलांशी बोलायचं नाही. आणि कॉलेजात मुलींसाठी स्वच्छतागृहच नव्हतं. जाहिरातीतली एक ओळ पोस्टकार्डाने बदलता येते. स्वच्छतागृह बांधायला मात्र अंदाजपत्रकात तरतूद लागते आणि ती तरतूद व्हावी असं अंदाजपत्रक ठरतं त्या खोलीत बसलेल्या कुणाला तरी वाटावं लागतं.

आजचा वर्ग पाहिला तर चित्र पुष्कळ बदललेलं दिसतं. विज्ञान, तंत्रज्ञान आणि गणित यांतल्या पदवीधरांत भारतात सुमारे ४३ टक्के मुली असतात. बऱ्याच श्रीमंत देशांना हा आकडा गाठता आलेला नाही. नुसत्या बी.टेक., बी.ई.चा विचार केला तर साधारण दहांत तीन मुली. संगणकाच्या शाखेत त्या जास्त, मेकॅनिकलमध्ये फार कमी. अमेरिकेत उलटं घडलं. तिथे संगणकशास्त्राच्या पदवीधरांत १९८४च्या सुमाराला ३७ टक्के मुली होत्या, पुढे तो वाटा विसाच्या खाली घसरला. घरोघरी येऊ लागलेला संगणक तिथे मुलग्यांचं खेळणं म्हणून विकला गेला आणि वर्गात येईपर्यंत मुलगे पुढे निघून गेलेले असत, असं अभ्यासक सांगतात. आपल्याकडे संगणकाचं काम ‘मुलींसाठी चांगलं’ ठरलं: बसून करायचं, एसीत, कंपनीची गाडी घरी सोडायला येते. एकच विषय एका देशात पुरुषी ठरतो आणि दुसऱ्या देशात बायकी, तेव्हा मुलींची बुद्धी कुठल्या विषयाकडे जात्याच वळते याची चर्चा थांबवायला हरकत नाही. बसून करायच्या कामाच्या या सोयीने आपल्याकडे मोठं काम केलं. आयटी उद्योगातले एक तृतीयांशाहून अधिक कर्मचारी आज स्त्रिया आहेत.

आयआयटीत मात्र २०१६ साली बी.टेक.ला प्रवेश घेणाऱ्यांत मुली जेमतेम ८ टक्के होत्या. बारावीला मुलांपेक्षा सरस ठरणाऱ्या मुली तिथे कमी का पडतात? त्या परीक्षेची तयारी म्हणजे दोन-दोन वर्षं घर सोडून कोट्याला नाहीतर लातूरला राहणं आणि लाखांत खर्च. मुलासाठी बाप कर्ज काढतो, मुलीला जवळच्या कॉलेजात घालतो. २०१८पासून आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा निर्माण केल्या. मुलांची एकही जागा कमी झाली नाही आणि प्रवेश परीक्षाही तीच राहिली. वाटा २०१८मध्ये १४, पुढच्या वर्षी १७ आणि २०२०मध्ये २० टक्के असा चढवत न्यायचा, असं ठरलं आणि तसं झालंही. ज्या मुली आल्या त्या आधीही होत्याच. त्यांना पसंतीची शाखा किंवा घराजवळची आयआयटी मिळत नव्हती, म्हणून त्या येत नव्हत्या.

पुण्याच्या कर्वेनगरचं जुनं नाव हिंगणे बुद्रुक. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ साली स्थापलेला अनाथ बालिकाश्रम १९००मध्ये याच माळावर आला. केशवपन केलेल्या, घरातून हाकललेल्या विधवा इथल्या झोपडीत अक्षरं गिरवत असत. त्याच माळावर १९९१ साली कर्व्यांच्या संस्थेने मुलींसाठी अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केलं, ते आज कमिन्स कॉलेज म्हणून ओळखलं जातं. पहिली महिला इंजिनिअर विधवा होती, हे आठवलं की या दोन गोष्टींतलं अंतर मला फार कमी वाटतं. अण्णासाहेबांनी एका विधवेपुरती दुरुस्ती केली नाही. राहायला जागा, जेवण, शिकवायला बाई आणि पुढे नोकरीची वाट, एवढं सगळं त्यांनी उभं केलं आणि मगच मुलींना बोलावलं. महाराष्ट्र सरकारने २०२४मध्ये वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ केली. हा निर्णय चांगला आहे. पण फी माफ झाली म्हणजे खोलीचं भाडं आणि मेसचा डबा भागत नाही. तालुक्याच्या गावातून आलेली मुलगी अनेकदा तिथेच अडते.

पदवी हातात पडल्यावरची वाट याहून अवघड आहे. तिथे बराच काळ कायदाच आडवा उभा होता.

१९४८च्या फॅक्टरी कायद्याच्या ६६व्या कलमाने बाईला सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच कारखान्यात काम करू दिलं. राज्य सरकारला थोडी सवलत देता येई, पण रात्री दहा ते पहाटे पाच ही वेळ कोणत्याही परिस्थितीत बंद. हेतू रक्षणाचा होता. आता हाच नियम भोसरी-चाकणच्या मशीन शॉपमध्ये ठेवून पाहा. तीन पाळ्या चालतात. दुसरी पाळी रात्री अकराच्या आसपास सुटते, म्हणजे नाईटच काय, सेकंडही बाईला बंद. पाळ्या दर आठवड्याला बदलतात. एक माणूस कायम फर्स्टला ठेवायचा तर बाकीच्यांवर रात्रीचा बोजा वाढतो आणि कुरबुर सुरू होते. मॅनेजर मग मुलाखतीतच सोपा मार्ग काढतो आणि मुलगा घेतो. यात बाईचा द्वेष करणारं कुणी असायला लागत नाही. त्याच कायद्याचं २२वं कलम चालू यंत्राला तेल घालायला, ते साफ करायला दोन प्रकारच्या माणसांना मनाई करत होतं: स्त्रिया आणि अल्पवयीन. बी.ई. मेकॅनिकल झालेली बाई कायद्याच्या लेखी कोवळ्या मुलाच्या रांगेत उभी होती.

खाणींचा इतिहास तर मन विषण्ण करणारा आहे. झरियाच्या कोळसा खाणींत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नवरा कोळसा खणत असे आणि बायको तो वाहून नेत असे. जमिनीखालच्या कामगारांत स्त्रियांचं प्रमाण मोठं होतं. १९२९च्या नियमांनी त्यांना हळूहळू खाणीबाहेर काढलं आणि १९३७पर्यंत बंदी पूर्ण झाली. मग महायुद्ध आलं, कोळसा कमी पडू लागला आणि १९४३मध्ये ती बंदी उठवून बायकांना पुन्हा खाली पाठवण्यात आलं. १९४६मध्ये बंदी परतली. ललिता गिंडीत शिकत होत्या त्याच काळात गरजेपुरता नियम वाकवला गेला आणि गरज सरल्यावर पुन्हा ताठ झाला. १९५२च्या खाण कायद्याने तो कायम केला. नागपूरच्या चंद्राणी प्रसाद वर्मांना खाण अभियांत्रिकी शिकायचं होतं, तर बाईला खाणीत उतरता येत नाही म्हणून प्रवेशच मिळेना. त्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं. १९९९मध्ये त्या देशातल्या पहिल्या महिला खाण अभियंता झाल्या, तेव्हाही खाणीत नोकरी करायला कायद्याची मनाई होतीच. ती उठली २०१९च्या जानेवारीत, म्हणजे आणखी वीस वर्षांनी.

कारखान्यांच्या बाबतीत मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली रात्रीची बंदी घटनाबाह्य ठरवली. पुढे राज्यांनी आपापले कायदे बदलले आणि २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झालेल्या कामगार संहितांनुसार आता बाईची संमती आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर कोणत्याही पाळीत तिला काम करता येतं. कायद्याच्या कागदावरचं सर्वनाम बदललं. आता प्रश्न उरतो तो रात्री अकराला सुटणाऱ्या पाळीच्या बसचा.

देशातल्या कारखान्यांत काम करणाऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ४३ टक्के एकट्या तामिळनाडूत आहेत, असं २०१९-२०च्या उद्योग सर्वेक्षणात दिसलं. कापड आणि तयार कपड्यांच्या गिरण्या, बूट-चपलांचे कारखाने आणि अलीकडे मोबाईल जोडणी हे त्याचं कारण. गावागावांतून बसेस आणि कारखान्याजवळ वसतिगृहं यांमुळे मुली घराबाहेर पडू शकल्या. पण याच राज्यातल्या सूतगिरण्यांत ‘सुमंगली’ नावाची पद्धतही चालली. कोवळ्या मुलींना तीन वर्षं वसतिगृहात जवळजवळ कोंडून ठेवायचं आणि शेवटी हुंड्यापुरती एकरकमी रक्कम हातावर ठेवायची, असा तो व्यवहार. म्हणून नुसती डोकी मोजून समाधान मानू नये. बाई कारखान्यात आहे का, याच्या जोडीला तिला तिथून बाहेर पडायची मुभा आहे का, पगार तिच्या खात्यात जातो का, ती कधी सुपरवायझर होऊ शकेल का, हेही विचारलं पाहिजे.

आणि मग मूल होतं.

अर्थशास्त्राचं २०२३चं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेतल्या दोनशे वर्षांच्या नोंदी तपासल्या. स्त्री-पुरुषांच्या मिळकतीतला आजचा फरक वेगवेगळे व्यवसाय निवडल्यामुळे पडतो तो थोडा, एकाच व्यवसायातल्या दोघांत पडतो तो जास्त, आणि तो पहिल्या अपत्यानंतर रुंदावतो, असं त्यांनी दाखवलं. रात्री-अपरात्री फोन घेणाऱ्याला, सुट्टीच्या दिवशी धावून येणाऱ्याला काही नोकऱ्या तासाच्या हिशोबाबाहेर जास्त मोबदला देतात. गोल्डिन त्यांना लोभी काम म्हणतात. घरात मूल असेल तर दोघांपैकी एकच जण त्या लोभाला पुरा पडू शकतो आणि तो बहुतेक वेळा नवरा असतो. ललितांनी डॉक्टरकी बाजूला ठेवून इंजिनिअरिंग घेतलं ते याच हिशोबाने. कलकत्त्यात त्या भावाच्या कुटुंबासोबत राहिल्या आणि मुलीला सांभाळायला भावजय होती, म्हणून तो हिशोब जुळला. पहिल्या महिला इंजिनिअरच्या यशात त्या भावजयीचा वाटा मला फार मोठा वाटतो.

आपल्याकडे २०१७मध्ये बाळंतपणाची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर नेली आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचं केलं. रजा हवीच होती. पण तिचा खर्च कोण उचलतो ते पाहा. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या बाईला कर्मचारी राज्य विम्यातून पैसे मिळतात, तो सगळ्यांच्या वर्गणीचा पैसा असतो. त्याहून जास्त पगाराच्या इंजिनिअरचा सहा महिन्यांचा पगार मात्र तिच्या कंपनीने एकटीने भरायचा. साठ माणसांच्या वर्कशॉपचा मालक मुलाखतीत लग्नाचा विषय काढतो तो इथूनच. हा खर्च सगळ्या उद्योगांत, मुलगे आणि मुली दोघांनाही घेणाऱ्या मालकांत वाटला गेला पाहिजे. आणि बापालाही सक्तीची रजा मिळाली तर मुलगा घेतला काय आणि मुलगी घेतली काय, मालकाला फरक पडणार नाही. माझ्या मते या एका दुरुस्तीने जेवढ्या इंजिनिअर मुली टिकतील, तेवढ्या शंभर सत्कारांनी टिकणार नाहीत.

या क्षेत्रात स्त्रिया नसल्या तर तोटा फक्त त्यांचा होत नाही. अमेरिकेत मोटारींच्या धडकेची चाचणी वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या देहाच्या बाहुल्यांवर होत आली. पट्टा बांधलेल्या स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता तशाच अपघातातल्या पुरुष चालकापेक्षा ४७ टक्के जास्त असते, असं २०११च्या एका अभ्यासात आढळलं. ॲमेझॉनने नोकरीचे अर्ज चाळायला एक संगणकीय यंत्रणा तयार केली होती. आधीच्या दहा वर्षांचे अर्ज तिला शिकायला दिले होते आणि त्यांत बहुतेक पुरुषांचे. अर्जात ‘महिलांचा’ असा शब्द दिसला, उदाहरणार्थ महिलांच्या बुद्धिबळ संघाची कर्णधार, की यंत्रणा गुण कापू लागली. केवळ महिलांसाठी असलेल्या दोन महाविद्यालयांच्या पदवीधरांनाही तिने खाली ढकललं. कंपनीने ती गुंडाळली आणि २०१८मध्ये ही हकीकत उजेडात आली. हिंगण्याच्या माळावरच्या पदवीधर मुलीचा अर्ज त्या यंत्रणेपुढे गेला असता तर? महिलांनी अर्ज करू नयेत, असं १९७४च्या जाहिरातीत निदान वाचता येत होतं. त्यामुळे पोस्टकार्ड कुणाला लिहायचं ते कळत होतं.

धंद्याच्या जगात आणखी एक कागद आडवा येतो, सातबारा. २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशातल्या लघुउद्योगांपैकी जेमतेम २० टक्के स्त्रियांच्या मालकीचे आहेत आणि त्यांतले बहुतेक अगदीच छोटे. धंदा वाढवायला कर्ज लागतं, कर्जाला तारण लागतं आणि तारण म्हणजे जमीन किंवा घर. महाराष्ट्राने १९९४मध्येच मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला, केंद्राच्या अकरा वर्षं आधी. तोवर लग्न झालेल्या मुली मात्र त्यातून वगळल्या होत्या. केंद्राच्या २००५च्या दुरुस्तीने तो फरकही गेला. तरीही दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात कोणत्याही दिवशी गेलात तर भावांच्या नावे हक्कसोडपत्रावर सही करायला आलेल्या बहिणी दिसतील. माहेर तुटू नये म्हणून त्या सही करतात. त्या सहीने माहेर टिकतं की नाही ते ज्याचं त्याला ठाऊक. बँकेत ठेवायचं तारण मात्र त्याच दिवशी हातातून जातं.

साताऱ्याच्या दुष्काळी माणमधल्या म्हसवडला कांताबाई नावाच्या एक लोहारकाम करणाऱ्या बाई रस्त्याच्या कडेला संसार मांडून होत्या. पावसाळ्याआधी छपरावर घालायला प्लास्टिकचा कागद घेता यावा, म्हणून रोज थोडे पैसे साठवायचे होते. कुठलीच बँक एवढ्याशा रकमेचं खातं उघडेना. त्यांची गोष्ट ऐकून चेतना गाला सिन्हा यांनी बायकांचीच बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. त्या बायकांनी रडत बसण्याऐवजी अक्षरओळख करून घेतली आणि पाचएक महिन्यांनी पुन्हा अधिकाऱ्यांपुढे गेल्या. आम्ही लहान होतो तेव्हा गावात शाळा नव्हती, हा आमचा दोष नाही, असं त्यांनी सांगितलं. कोणत्याही रकमेचं व्याज आम्हाला विचारा, आम्ही तोंडी काढतो, तुमच्या साहेबांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. १९९७मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. एका लोहारीण बाईपुरतं खातं उघडून देता आलं असतं आणि गोष्ट तिथे संपली असती. त्यांनी बँकच काढली. अख्खा कागद नव्याने छापणं म्हणजे काय, हे मला म्हसवडइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसलेलं नाही.

मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांचा अनुभवही तेच सांगतो. २०१३च्या कंपनी कायद्याने मंडळावर किमान एक स्त्री हवी असं म्हटलं, तेव्हा अनेक प्रवर्तकांनी बायको, मुलगी, वहिनी यांना खुर्चीत बसवून काम भागवलं. म्हणून सेबीला पुढे स्पष्ट करावं लागलं की ती स्त्री स्वतंत्र संचालक असली पाहिजे. हा नियम २०१९मध्ये आघाडीच्या पाचशे आणि २०२०मध्ये हजार सूचीबद्ध कंपन्यांना लागू झाला. नियम जितका नेमका, तितकी पळवाट अरुंद.

म्हणून यंदा मुलीचा इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप राऊंडचा पसंतीक्रम भरायला बसाल, तेव्हा कटऑफच्या आकड्यांपाशी थांबू नका. कॉलेजला मुलींचं वसतिगृह आहे का, वर्कशॉपच्या इमारतीत स्वच्छतागृह आहे का, मेकॅनिकलच्या मुलींना कॅम्पसमध्ये कोणत्या कंपन्यांनी घेतलं, हे विचारा. कारखान्यात अधिकारी असाल तर सेकंड शिफ्टची शेवटची बस किती वाजता आणि कुठवर जाते, पाळणाघर खरंच चालू आहे की फलकावरच आहे, हे स्वतः जाऊन पाहा. आणि घरी बहिणीच्या हक्कसोडपत्राचा विषय निघाला, तर कृपा करून त्या दिवशी भाऊ म्हणून गप्प बसू नका.